चुन्याची रेघ

आसारामने चौथ्या पावलाला रेघ सोडली.

शाळेच्या पटांगणातली ती रेघ मीच मारली होती, ओल्या चुन्याची, बारा हात लांब. कुठल्याही गावात जीपमधून उतरलं की माझं पहिलं काम तेच. डॉ. हरकरे हेडमास्तरांच्या खुर्चीत बसायचे, मी फॉर्मांचा गठ्ठा घेऊन शेजारी उभी राहायची, आणि एकेक माणूस अनवाणी त्या रेघेवरून चालत यायचा. पाय ठीक असलेली माणसं लाजत-हसत चालायची. ज्याचे पाय धरले असतील त्याच्या टाचा जमिनीला टेकायच्या नाहीत, गुडघ्यावर गुडघा घासायचा आणि रेघ कुठल्या कुठे राहायची.

"पुन्हा," हरकरे म्हणाले.

आसाराम नेवारे पुन्हा चालला. सत्तावीस वर्षांचा गडी. गेल्या वर्षी ह्याच पटांगणात तो लेकीला खांद्यावर बसवून चालला होता आणि वर मला विचारलं होतं, "इचंबी नाव लिवता का बाई?" ह्या वेळी तिसऱ्या पावलालाच त्याने हात पसरले. गर्दीतून त्याची बायको पार्बता पुढे झाली आणि तिने त्याला काखेत धरलं.

ही चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. मी चोवीस वर्षांची होते, नागपूरला हरकऱ्यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस. झाडीपट्टीतल्या ह्या गावांत आम्ही लाखोळीमागे फिरत होतो. लाखोळी ही गरिबाची डाळ. धानाच्या बांधीत ओल असतानाच ती फेकून देतात, आणि पाऊस दगा देतो त्या वर्षीही ती येते. धान बुडालं की भाकर तिचीच, वरण तिचंच, मजुरीही तिच्यातच मिळते. दोन-तीन महिने पोटात दुसरं काही गेलं नाही, की एखाद्या सकाळी धडधाकट माणूस उठतो तो पाय लाकडासारखे ताठ घेऊनच. ते पाय पुन्हा सुटत नाहीत. त्या वर्षी धान बुडालं होतं.

"ओळ एकशे सतरा," हरकरे म्हणाले. "विचारा."

मी पार्बताला विचारलं, "लाखोळी किती वेळा?"

"दोनी वखत."

"पाणी काढता का?"

"हाव. तिनदा काहाडतो."

मी 'हो'वर खूण केली. हरकऱ्यांनी माझ्या हातातला फॉर्म घेतला, खूण पाहिली, आसारामच्या पायांकडे पाहिलं. सगळं गाव गोळा झालं होतं. पार्बताची सासू लाहानीबाई अगदी पुढे उभी होती.

"बाई," हरकरे म्हणाले, "खोटं बोलू नका. खोटं बोलून नवऱ्याचे पाय परत यायचे नाहीत."

ते ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नसत. पार्बताने माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमी सांगा ना याइले. मागल्या साली तुमीच शिकवलं मले. तुमी सांगतलं तसंच करतो मी."

मी फॉर्म नीट लावत बसले.

आता सिद्धांताबद्दल सांगायला हवं, म्हणजे हरकरे असं का बोलले ते कळेल. हरकरे वाईट माणूस नव्हते. ह्या रोगामागे त्यांनी अकरा वर्षं घालवली होती. त्यांच्या आधी गावाचं म्हणणं होतं, अंगावरून वारं गेलं. त्यांच्या गुरूंचं म्हणणं होतं, दोष लाखोळीचा नाही, तिच्यात मिसळून येणाऱ्या एका तणाच्या बियांचा; धान्य निवडून खा, काही होणार नाही. वीस वर्षं सगळे तेच शिकवत होते. हरकऱ्यांना एक घर सापडलं. घरातली म्हातारी इतकी कटकटी, की एक दाणा वेगळा राहू देत नसे, आणि त्याच घरातले तिन्ही भाऊ लंगडे. त्या एका घराच्या जोरावर त्यांनी गुरूंचं म्हणणं मोडून काढलं. गुरू पुढे मरेपर्यंत त्यांच्याशी बोलले नाहीत. मग हरकऱ्यांनी दाखवलं की विष लाखोळीतच आहे आणि ते गरम पाण्यात उतरतं. उकळत्या पाण्यात भिजवलेली, तीनदा पाणी काढलेली डाळ कोंबडीच्या पिल्लांना दिली तर पिल्लं टुणटुणीत राहायची. नुसती दिली तर माना मुरगळून पडायची. मी स्वतः ती पिल्लं उचलली आहेत. डाळीचं काढलेलं पाणी आम्ही प्रयोगशाळेच्या मोरीत ओतायचो.

त्याचं एक पत्रक निघालं होतं. "लाखोळी उकळत्या पाण्यात दोन तास भिजवावी. पाणी काढावे. असे तीनदा करून मग शिजवावी. पाय धरत नाहीत." एवढंच. 'विष' हा शब्द त्यात मुद्दाम घातला नव्हता. मी विचारलं तेव्हा हरकरे म्हणाले होते, "विष लिहिलं की उद्या बंदी येईल. बंदी आली की मालक लाखोळी देणार नाही, आणि भात तर देणारच नाही. माणसं लंगडी होण्याऐवजी उपाशी मरतील. भीती घालून काही होत नसतं, वैरागडे. कृती द्या." मला ते पटलं होतं. खोटं कशाला बोलू, आजही अर्धं पटतं.

ते पत्रक सरकारने छापून सगळ्या जिल्ह्यांत वाटावं, ह्यासाठी आमचा तक्ता जूनअखेर जायचा होता. तक्त्यात दोन रकाने. कृती पाळणारी घरं, आणि न पाळणारी. पाळणाऱ्या घरांत एकाचाही पाय धरलेला नव्हता. आसाराम पहिला.

दुपारी शिबिर उठायच्या आधी मी हरकऱ्यांना म्हटलं, घर पाहून येते. त्यांनी घड्याळ पाहिलं. "अर्धा तास."

नेवाऱ्यांचं घर टोल्याच्या, म्हणजे त्या वस्तीच्या, टोकाला होतं; एक खोली, आत चूल आणि मागे परस. पार्बता रडत नव्हती. मी आत गेल्याबरोबर तिने चुलीवरचं आधण उतरवलं. "पाहा बाई. तुमच्या डोऱ्यानं पाहा," म्हणाली. डाळ सकाळपासून एका पातेल्यात, त्यांच्या गंजात, गरम पाण्यात भिजत होती. तिने गंजावर ताटली धरली आणि ते पिवळं, जरा फेस आलेलं पाणी हळूहळू दुसऱ्या गंजात काढलं. एक दाणा सांडला नाही. मग डाळीवर ताजं आधण ओतलं. मी शिकवलं होतं त्याहून नीट केलं तिने. काढलेल्या पाण्याचा गंज तिने भिंतीशी ठेवला आणि त्यावर ताटली झाकली.

"मंग?" ती म्हणाली.

लाहानीबाई दारात होती. ती सुनेला नाही, मला म्हणाली, "पयलं पानी मी रोज पाहतो. बाकी दोनदा मी गायीमागं राहतो. डाक्टर म्हनते म्हंजे चुकलंच असल काहीतरी इचं."

"आसाराम, तुम्ही सांगा," मी म्हटलं.

तो खाटेवर पाय लांब करून बसला होता. त्याने बायकोकडे पाहिलं नाही. "मी कामावर राहतो बाई. तिनं काहाडलं असल. नसल. मले काय मालूम?"

हे ऐकून पार्बताचा चेहरा जो उतरला तो मी विसरलेले नाही. तेवढ्यात शाळेकडून जीपचा भोंगा वाजला.

निघताना ती माझ्यामागे बांधापर्यंत आली. "बाई, डाक्टरले सांगाल ना? तुमी सांगतलं तं बुढी मानते. नाही तं हे मले घरात राहू देनार नाहीत. जवान मानसाचे पाय खाल्ले म्हनतीन."

"सांगते," मी म्हटलं.

मी सांगितलंही. रस्त्यात एका मोहाच्या झाडाखाली आम्ही जेवायला थांबलो. आदल्या दिवशी होळी झाली होती. हरकऱ्यांच्या घरून पुरणपोळ्या आणि बरणीभर कटाची आमटी आली होती. माझ्या डब्यातही आईने तेच दिलं होतं. आम्ही पानं मांडली आणि मी म्हणाले, "सर, ती बाई खोटं बोलत नाही. मी पाहिलं."

"तुमच्यासमोर केलं तिने."

"हात सरावलेला होता सर. एका दिवसात असं येत नाही."

"मग तुमचं म्हणणं काय? डाळीतून विष जातं आणि तरी पाय धरतात? म्हणजे विष डाळीत नाहीच?" ते शांतपणे आमटी वाढून घेत होते. "की पिल्लं खोटी? कोंबड्या तरी आपल्याला फसवत नाहीत ना?"

मी तोंडाळ होतेच. मी म्हणाले, "सर, तुमच्या वेळीही एकच घर होतं."

त्यांचा हात थांबला. मग ते म्हणाले, "ते घर मी चार वर्षं पाहिलं, वैरागडे. उन्हाळ्यात पाहिलं, पावसाळ्यात पाहिलं, त्यांच्या ओसरीवर झोपलो. तुम्ही हे घर अर्धा तास पाहिलंय." आणि बरणी माझ्याकडे सरकवत पुढे म्हणाले, "ह्या एका ओळीपायी तक्ता अडला तर पत्रक ह्या साली निघत नाही. शंभर गावांतल्या बायका नुसती डाळ शिजवतील. त्यांचं काय सांगू मी? शेरा लिहा."

मी हात धुतले, गठ्ठ्यातून एकशे सतरावी ओळ काढली, 'हो'वरची खूण खोडली आणि शेऱ्यात लिहिलं, "कृती पाळली नाही." अक्षर माझंच. सुवाच्य आहे.

असा तक्ता पुन्हा स्वच्छ झाला. कृती पाळणाऱ्यांत एकही लंगडा नाही. लंगडे सगळे न पाळणाऱ्यांत. आपल्या सिद्धांताला न जुमानणाऱ्या माणसाला उचलून दुसऱ्या रकान्यात बसवलं की सिद्धांत आणखी पक्का दिसतो. हे इतकं सोपं असतं, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

एप्रिल-मे मी नागपुरात त्या तक्त्याची टंकलेखित प्रत करत होते. न पाळणाऱ्या घरांत चाळीस लंगडे होते. एके दिवशी दुपारी मूळ फॉर्म पाहताना माझ्या लक्षात आलं, की त्यांतल्या नऊ ओळींत आधी 'हो'वर खूण होती आणि मग ती खोडलेली होती. एक मी खोडलेली. आठ हरकऱ्यांच्या निळ्या पेन्सिलीने. नऊ गावांतल्या, एकमेकींना न ओळखणाऱ्या नऊ बायका एकच खोटं बोलत होत्या, असं मानायचं होतं.

मी तेव्हा काय केलं ते सांगते. मी टाइप करत राहिले. माझी नोकरी जूनच्या एक तारखेला कायम व्हायची होती. वडील निवृत्त झाले होते, पाठची दोन भावंडं शिकत होती. मनात पार्बता यायची, त्यापेक्षा जास्त तो बांध यायचा, जिथे मी "सांगते" म्हटलं होतं. जूनच्या एक तारखेला नोकरी कायम झाली. दोन तारखेला मी रजा टाकली आणि एसटी धरली.

फाट्यावर उतरून अडीच कोस चालत मी दुपारच्या वेळी टोल्यावर पोचले. आसाराम दारात बसून अंबाडीचा दोर वळत होता. त्याच्या शेजारी दोन काठ्या होत्या. लाहानीबाई चुलीपाशी होती. पार्बता दिसली नाही. मला वाटलं, घालवली.

"गिट्टी फोडाले गेली," आसाराम म्हणाला. "रस्त्याचं काम निंगालं. येते आता जेवाले."

"घरात आहे म्हणजे," मी म्हटलं.

लाहानीबाई चुलीकडे तोंड करूनच बोलली. "कोठी धाडू तिले? तिच्या हातावरच तं चालते घर. बोलत नाही मी तिच्याशी. पन राहू देल्लं."

मी बसले. म्हातारीने मला पाणी दिलं. मग तिने भिंतीशी झाकून ठेवलेला गंज ओढला, त्यावरची ताटली काढली. आत पिवळं, जरा फेस आलेलं पाणी होतं. तिने त्यात मीठ टाकलं, मिरची चुरली, निखाऱ्यावर गंज जरा गरम केला आणि एका जर्मनच्या मोठ्या वाटीत ते काठोकाठ ओतलं. मी पाहत होते. सांडपाण्यावर कोणी ताटली झाकत नाही. मार्चमध्ये ती ताटली मी ह्याच डोळ्यांनी पाहिली होती.

"आजी," मी म्हटलं, "हे काय?"

"कमावत्याची वाटी."

"म्हणजे?"

"डारीचं पयलं पानी. सारा कस त्याच्यात उतरते ना. तुमीच तं म्हनलं, पानी काहाडलं का डार हलकी होते. मंग कस कोठी गेला? पान्यात." एवढ्या शिकलेल्या बाईला हे समजावून सांगावं लागतंय ह्याची तिला गंमत वाटत असावी. "दुसरं-तिसरं पानी फेकून देतो, त्यात काही राहत नाही. पयलं कमावत्याचं. आमच्या इकडं भाताची पेजबी कमावत्यालेच देते."

"आधी ही वाटी कोणाला द्यायचात?"

"ह्याले." तिने हनुवटीने मुलाकडे दाखवलं. "थो पडला तवापासून तिले. कमावनारी तेच हाये आता." आणि मग जरा अभिमानाने म्हणाली, "राग हाये मले तिचा. पन तिच्या वाटीत हात नाही आखडला मी. एक दिस नाही."

दोर वळणारे आसारामचे हात थांबले होते. त्याला माझ्या चेहऱ्यावरून काही कळलं असावं. मी वाटी उचलली आणि परसात नेऊन मातीत ओतली. लाहानीबाई उठून उभी राहिली. अन्न असं ओतलेलं तिने जन्मात पाहिलं नसेल.

"त्यात विष आहे, आजी," मी म्हटलं. तो शब्द गावात पहिल्यांदा मी उच्चारला. "डाळीतलं सगळं विष त्या पाण्यात येतं. म्हणून काढायचं."

म्हातारी हलक्या आवाजात म्हणाली, "मंग तुमी त्या दिशी काऊन नाही सांगतलं?"

तेवढ्यात पार्बता आली. डोक्यावर घमेलं, त्यात हातोडी. मला पाहून तिचा चेहरा आधी उजळला. "सांगतलं का बाई डाक्टरले?" मी उत्तर द्यायच्या आत ती घमेलं उतरवायला दोन पावलं पुढे आली आणि मला तिच्या टाचा दिसल्या. जमिनीपासून बोटभर वर होत्या.

चुना नव्हता. मी चुलीतली राख ओंजळीत घेतली आणि अंगणात रेघ ओढली, दारापासून शेवग्यापर्यंत. "ह्यावरून चाला," मी म्हटलं.

"कायले?"

"चाला."

पार्बताने घमेलं खाली ठेवलं, पदर खोचला आणि चालली. पहिली पाच पावलं ठीक होती. सहाव्याला गुडघा गुडघ्याला लागला. सातव्याला रेघ सुटली. ती शेवग्याला धरून उभी राहिली आणि माझ्याकडे पाहू लागली. मार्चमध्ये नवऱ्याला तिने रेघेवर पाहिलं होतं. तिला सांगावं लागलं नाही.

"झालं का मलेबी?"

मी म्हटलं, "पुन्हा एकदा चाला."

ती पुन्हा चालली नाही. तिथेच खाली बसली. तिला वाटीचं मी सांगितलं. ऐकून ती सासूकडे वळली नाही, माझ्याचकडे पाहत राहिली. "बाई, तुमी इचारलं, पानी काहाडता का. मी म्हनलं हाव. कोठी टाकता म्हून इचारलं असतं तं सांगतलं असतं. त्यात लपवाचं काय होतं?"

लाहानीबाई चुलीपाशी बसली होती. तिच्या हातात ती रिकामी वाटी होती. ती कधी मुलाच्या पायांकडे, कधी सुनेच्या पायांकडे पाहत होती, आणि पुन्हा वाटीकडे. मी आयुष्यात पुढे पुष्कळ मृत्यू पाहिले, पण त्या म्हातारीकडे पाहणं जितकं जड गेलं तितकं दुसरं काही नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात म्हणतात. इथे सुळी ज्या हातांनी उभारली ते हात तिचेच होते, आणि लाकूड आम्ही पुरवलं होतं.

मी दुसऱ्या दिवशी नागपूरला परतले आणि थेट हरकऱ्यांच्या टेबलापाशी गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही "पुरावा?" म्हणाले नाहीत. माझं झाल्यावर चष्मा काढून ठेवला आणि खिडकीबाहेर पाहत राहिले.

"कट," ते म्हणाले. "आमच्या घरी सुद्धा डाळीचं पाणी कधी टाकत नाहीत. आई म्हणायची, सगळा जीव कटात असतो." मग म्हणाले, "त्या झाडाखाली आपण तेच खात होतो, वैरागडे."

"हो सर."

मग त्यांनी फॉर्म मागवले. ते नऊच्या नऊ. माझा शेरा खोडला, 'हो'वर पुन्हा खूण केली आणि खाली सही करून तारीख घातली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी उरलेल्या आठ गावांना जीप धाडली. आठांपैकी सात घरांत पाण्याची वाटी निघाली. आठव्या घरातलं माणूस वारलं होतं, विचारायला कोणी उरलं नव्हतं. आणि तक्ता नव्याने मांडून झाल्यावर, तो डोळ्यांपासून दूर धरून पाहताना ते म्हणाले, "म्हणजे आपलं बरोबर होतं. डाळ खाऊन नाही, पाणी पिऊन पाय धरले. ह्याच्याहून स्वच्छ पुरावा..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. माझ्याकडे बघायचंही टाळलं.

पण ते खरंच होतं. आमचा सिद्धांत चुकला नव्हता. तो आता पक्का झाला होता. जे आम्हाला पिल्लांवर करून दाखवता आलं होतं, ते माणसांवर झालेलं आमच्या हातात आलं होतं. पुढच्या वर्षी निबंध छापून आला. त्यात एकशे सतरावी ओळ पहिल्या तक्त्यात आहे, आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत, "त्याच घरातील स्त्री, वय तेवीस, अंशतः." पार्बताचं त्यात इतकंच आहे. लेखकांत माझं नाव दुसरं आहे.

पत्रकही बदललं. शेवटी एक ओळ आली. 'विष' शब्द घालायचा की नाही ह्यावर ह्या वेळी चर्चा झाली नाही. हरकऱ्यांनी स्वतः लिहिला. बंदी येईल म्हणून आमच्या जिवाचं पाणी पाणी झालं होतं. पत्रक निघालं, वाटलं गेलं, बंदीचं कोणी नावही काढलं नाही.

भाद्रपदात मी ती पत्रकं घेऊन टोल्यावर गेले. हरकरे आले नाहीत. जीपमध्ये बसले होते आणि फाट्यावरून परत फिरले. प्रकृती बरी नाही म्हणाले. पार्बता अंगणात बसून सुपातल्या धानातलं तणाचं बी निवडत होती. शेजारी एक काठी होती. पाय तेवढ्यावरच थांबले होते, आणखी वाढले नव्हते. चुलीपाशी म्हातारी नव्हती. आसाराम म्हणाला, ती आषाढात गेली. अंगात काही नव्हतं, नुसतं जेवणं सोडलं होतं तिने.

"शेवटी मले रोज जवळ बसवे," पार्बता म्हणाली. "बोलली मंग माझ्याशी."

मी तिच्या हातात पत्रक दिलं. तिने ते उलटसुलट करून पाहिलं आणि परत केलं. "वाचून दाखवा."

मी वाचलं. भिजवावी, काढावे, शिजवावी. आणि मग शेवटची ओळ: "काढलेले पाणी विषारी असते, ते माणसाला किंवा जनावराला देऊ नये, जमिनीत ओतावे."

"फिरून वाचा. शेवटलं."

मी पुन्हा वाचलं. ती ओठ हलवत माझ्यामागून म्हणत होती, जणू पाठ करायचं होतं. मग तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मोजून पाहावं तसं पाहिलं.

"येवढंच लिवाचं होतं?"

"हो," मी म्हटलं. "एवढंच."

तिने मान हलवली, काठी जवळ ओढली आणि पुन्हा तण निवडायला लागली.